वकिलाविरुद्ध तक्रार, निलंबन आणि सनद रद्द होणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. दुसऱ्या वकिलाची तक्रार घेऊन आलेला माणूस मला लगेच ओळखू येतो. तो आधी दार लोटून घेतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "साहेब, तुम्हीपण वकीलच, म्हणून विचारायला संकोच वाटतो." संकोच नको. वकिलाला जाब विचारण्याची सोय कायद्यानंच केलेली आहे आणि ती वापरली गेली तरच सनदेची किंमत राहते. खालची उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्यातले पक्षकार डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मूळ कायदा, म्हणजे १९६१ चा अधिवक्ता अधिनियम, सगळ्या देशाला एकच आहे.

सनद म्हणजे नेमकं काय? ती काढून घेण्याचा अधिकार कोणाचा?

कायद्याची पदवी घेतली म्हणून कोणी वकील होत नाही. राज्याच्या बार कौन्सिलच्या नामावलीत नाव चढावं लागतं. नाव चढल्याचं प्रमाणपत्र म्हणजे सनद. आपल्याकडे हे काम बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा करते. दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीही तिच्याच कक्षेत येतात. जिनं नाव चढवलं, तीच शिस्तीची कारवाई करते. तिच्यावर अपिलासाठी दिल्लीची बार कौन्सिल ऑफ इंडिया आणि त्याच्यावर सर्वोच्च न्यायालय.

जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा वकील संघ ही वेगळी संस्था आहे. तिथल्या अध्यक्षांना भेटलात तर ते मध्यस्थी करतील, समज देतील, पण सनदेला हात लावण्याचा अधिकार त्यांना नाही. या दोहोंत गल्लत करून वर्ष-वर्ष संघाच्या पायऱ्या झिजवणारे लोक मी पाहिले आहेत.

माझ्या वकिलामुळे मी दावा हरलो. तक्रार करता येईल का?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि याचं उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. नुसतं हरल्याबद्दल तक्रार टिकत नाही. प्रत्येक दाव्यात कोणीतरी हरतंच. वकिलानं प्रामाणिकपणे सल्ला दिला आणि तो चुकला, कायद्याचा अर्थ लावताना त्याची गफलत झाली, उलटतपासात एक प्रश्न विचारायचा राहिला, याला गैरवर्तन म्हणत नाहीत.

या बाबतीतला महत्त्वाचा निकाल पुण्याच्या वकिलांच्या प्रकरणातलाच आहे. तिथल्या काही वकिलांनीच आपल्या दोन सहकाऱ्यांविरुद्ध तक्रार केली होती आणि दोघांना निलंबनाची शिक्षाही झाली होती. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. न्यायालयाचं म्हणणं असं की, चुकीचा सल्ला देणं आणि अयोग्य सल्ला देणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ज्या हलगर्जीपणात नैतिक खोट नाही, तो व्यावसायिक गैरवर्तनात मोडत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी एकच गोष्ट विचारतो : वकिलानं तुम्हाला फसवलं, की वकील चुकला? दावा मुदतीत दाखल करायला विसरला, ही चूक. तो दाखल केलाच नाही आणि तीन वर्षं "पुढची तारीख अमुक आहे" असं सांगून दर तारखेचे पैसे घेतले, तर ती फसवणूक. चेन्नईच्या एका गाजलेल्या प्रकरणात हेच झालं होतं. सत्तरीच्या, कानांनी ऐकू न येणाऱ्या एका वृद्धाचे आणि त्याच्या पत्नीचे वचनचिठ्ठ्यांवरचे दावे वकिलानं दाखल केलेच नाहीत, पण ते चालू असल्याचं भासवत राहिला. ते १९७९ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि वकिलाचा दोष कायम राहिला.

मग गैरवर्तन कशाला म्हणायचं? त्याची यादी आहे का?

पूर्ण यादी नाही आणि ती मुद्दामच केलेली नाही. कायद्याच्या कलम ३५ मध्ये 'व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन' एवढेच शब्द आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या १९७५ च्या नियमांत वकिलाची कोर्टाप्रती, पक्षकाराप्रती आणि समोरच्या वकिलाप्रती कर्तव्यं सांगितली आहेत. ती मोडली की प्रश्न उभा राहतो. पण एखादी गोष्ट नियमात लिहिलेली नाही, म्हणून ती चालते, असं होत नाही.

पक्षकाराच्या पैशाला हात लावणं यात सगळ्यांत वाईट. उत्तर प्रदेशातल्या एका अशिक्षित, वृद्ध माणसाची जमीन संपादित झाली. मोबदल्याचे ८,११८ रुपये कोर्टात जमा होते. वकिलानं ते काढले आणि स्वतःकडे ठेवले. तक्रार झाल्यावर त्यानं तडजोड झाल्याचं एक प्रतिज्ञापत्र दाखल केलं. तक्रारदार म्हणाला, मी असं काही लिहून दिलेलंच नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियानं तीन वर्षांचं निलंबन दिलं. वकील अपिलात गेला आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कमी करायच्या ऐवजी वाढवली : नाव नामावलीतूनच काढलं. रक्कम लहान होती म्हणून कोणी सवलत दिली नाही. ज्याला वाचता येत नाही त्याचा विश्वास मोडणं हे जास्त गंभीर धरलं गेलं, आणि ते योग्यच होतं असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण राजस्थानचं. वकिलानं पक्षकाराला पत्र लिहिलं की न्यायाधीश पैसे घेतात, निकाल बाजूनं लावायचा तर दहा हजार रुपये पाठवा. आपल्या खिशात पैसे घातल्याचा आरोप त्याच्यावर नव्हता. वय झालेलं, वकिलीला पन्नास वर्षांच्या आसपास झालेली. राज्याच्या कौन्सिलनं दोन वर्षं निलंबित केलं, बार कौन्सिल ऑफ इंडियानं आधी नाव काढलं आणि मग फेरविचारात नुसत्या ताकिदीवर सोडलं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती ताकीद रद्द करून नाव काढण्याची शिक्षा पुन्हा कायम केली. "साहेबांना द्यावे लागतील" असं सांगून कोणी तुमच्याकडे पैसे मागत असेल, तर हे प्रकरण लक्षात ठेवा. पैसे खरंच कुठे पोहोचतात की नाही, हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागत नाही. मागणीच गैरवर्तन आहे.

याशिवाय खोटी कागदपत्रं कोर्टात लावणं, एका बाजूचा सल्ला देऊन त्याच वादात दुसऱ्या बाजूनं उभं राहणं, पक्षकाराची गुपितं फोडणं, त्याच्या माहितीशिवाय पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन दावा मागे घेणं, वादातली मिळकत स्वतः विकत घेणं, हे सगळं यात येतं.

कोर्टाबाहेर केलेल्या गुन्ह्यासाठीही सनद जाऊ शकते का?

हो. 'इतर गैरवर्तन' हे शब्द त्यासाठीच आहेत. उत्तर प्रदेशातल्या एका वकिलानं न्यायालयाच्या खोलीतच विरुद्ध पक्षाच्या माणसावर चाकूनं हल्ला केला होता. खुनाच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा झाली, वर राज्यपालांच्या नावाचं बनावट पत्र आणून शिक्षा टाळायचा प्रयत्न केला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचं नाव नामावलीतून काढलं. शेजाऱ्याशी कुंपणावरून झालेलं भांडण मात्र यात बसत नाही. ते दिवाणी कोर्टातच न्या.

वकील तारखेला येत नाहीत, फोन उचलत नाहीत. काय करू?

आधी खात्री करून घ्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा ओळख क्रमांक, टाकला की प्रत्येक तारखेला काय झालं ते दिसतं. मग कोर्टात अर्ज करून रोजनाम्याची, म्हणजे तारखेगणिक कामकाजाच्या नोंदीची, नक्कल घ्या. मी हे आवर्जून सांगतो, कारण निम्म्या तक्रारी रोजनामा पाहिल्यावर विरघळतात : वकील हजर होते, साक्षीदार आला नव्हता किंवा न्यायाधीश रजेवर होते. आणि उरलेल्या निम्म्या रोजनाम्यामुळेच पक्क्या होतात. "वादी व वादीचे वकील गैरहजर" असं ओळीनं सहा तारखांना लिहिलेलं असेल, तर त्याहून चांगला पुरावा नाही.

मग वकिलांना नोंदणीकृत पोस्टानं एक साधं पत्र पाठवा : दाव्याची स्थिती काय, पुढची तारीख कधी, एवढंच विचारा. शिव्याशाप नकोत. उत्तर आलं तर बरंच, आलं नाही तर पोचपावती कामाला येते.

दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला असेल तर तक्रारीच्या मागे धावण्याआधी नवा वकील करून तो पुनर्स्थापित करण्याचा अर्ज द्या. त्याला मुदत असते. बार कौन्सिलमध्ये तक्रार केली म्हणून ती मुदत थांबत नाही.

"आधी राहिलेली फी द्या, मगच फाइल मिळेल" असं वकील म्हणतात. हे बरोबर आहे का?

नाही. सुताराकडे दुरुस्तीला दिलेलं कपाट मजुरी मिळेपर्यंत तो ठेवून घेऊ शकतो, पण पक्षकाराची फाइल ही तशी वस्तू नाही. भोपाळच्या एका वकिलानं सहकारी बँकेच्या फाइली ९७,१०० रुपयांच्या फीसाठी अडवून धरल्या होत्या. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, फी थकली तर वकिलानं ती वसूल करण्याचे इतर मार्ग वापरावेत, कागद अडवणं हे गैरवर्तन आहे. कायद्याचा मुद्दा तोवर नीट सुटलेला नव्हता, म्हणून त्या वकिलाला ताकिदीवर सोडलं. आज तशी सबब कोणाला मिळणार नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. वकिलानं केलेल्या कामाची फी बुडवणं हेही चांगलं नाही आणि तो तुमच्यावर वसुलीचा दावा लावू शकतो.

वकील बदलायचा तर जुन्या वकिलाची नाहरकत लागतेच का?

शिष्टाचार म्हणून मागतात. ती मिळत नसेल तर कोर्टात अर्ज करून जुनं वकीलपत्र रद्द करण्याची परवानगी घेता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी तरतूद आहे. नाहरकत मिळाली नाही म्हणून कोणी जन्मभर एका वकिलाला बांधला जात नाही.

"जिंकलात तर वीस टक्के द्या, हरलात तर काही नको" असा ठराव चालतो का?

चालत नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला आणि दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला नियमांनी वकिलाला मनाई आहे. मोटार अपघात भरपाई आणि भूसंपादनाच्या प्रकरणांत हा प्रकार फार चालतो. अपघात झाल्या दिवशी दवाखान्यात माणसं पोहोचतात, सही केलेले कोरे धनादेश घेतात. त्या टक्केवारीत दलालाचा वाटा असतो, हे घरच्यांना नंतर कळतं. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर कोणालाही सही देऊ नका. ओळखीच्या माणसानं आणलेला वकील असला तरीही नाही.

वकील जाहिरात करू शकतात का?

नाही. वाजवी आकाराची पाटी चालते, पण पाटीवर आपण माजी न्यायाधीश आहोत किंवा वकील संघाचे अध्यक्ष आहोत असं लिहिता येत नाही. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहिती देता येते. त्यापलीकडे समाजमाध्यमांवर "शंभर टक्के जामीन" असली चित्रं टाकणं नियमात बसत नाही. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं वकिलांची यादी आणि गुणांकन विकणाऱ्या ऑनलाइन पोर्टलांविरुद्ध कठोर भूमिका घेतली, तेव्हापासून याकडे जास्त लक्ष दिलं जातंय.

या नियमाचा इतिहास मुंबईतल्या एस्प्लनेड कोर्टाच्या दारात आहे. तिथे काही वकील फाटकाशी उभे राहत, येणाऱ्या माणसावर झडप घालत, हातातले कागद ओढून घेत, कधी आपापसांत हातघाईवर येत. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलनं त्यांना निलंबित केलं, बार कौन्सिल ऑफ इंडियानं सोडून दिलं. तेव्हा राज्याची कौन्सिल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. प्रश्न आला की, शिक्षा देणारी संस्था 'व्यथित व्यक्ती' म्हणून अपील करू शकते का? १९७५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं, हो, करू शकते, कारण व्यवसायाची प्रतिष्ठा सांभाळणं हेच तिचं काम आहे. नंतर न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात हे वागणं गैरवर्तनच ठरलं. राज्याच्या कौन्सिलनं वकिलांची पाठराखण न करता पक्षकारांच्या बाजूनं इतका लांबचा झगडा केला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

समोरच्या पक्षाच्या वकिलाविरुद्ध तक्रार करता येते का?

जपून. समोरचा वकील तुमच्या विरोधात बोलणारच, ते त्याचं काम आहे. त्यानं उलटतपासात तुम्हाला टोचलं किंवा त्याच्या अशिलानं खोटं प्रतिज्ञापत्र केलं, एवढ्यावर वकील दोषी होत नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र-गोव्याच्याच बार कौन्सिलनं पुढे पाठवलेली अशी एक तक्रार चालू ठेवायला नकार दिला आणि कौन्सिललाच ५०,००० रुपये खर्च लावला. तक्रार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीकडे पाठवण्याआधी कारणं नोंदवून विचार व्हायला हवा, हे त्यात बजावलं आहे.

त्यानं स्वतः बनावट दस्त तयार केला, तुमचा वकील असताना त्याला टाळून थेट तुमच्याशी तडजोडीची बोलणी केली, अशा गोष्टींची तक्रार मात्र होऊ शकते.

आमचाच वकील समोरच्याला मिळाला आहे, असा संशय आहे.

संशयावर तक्रार करू नका. दोघे वकील कोर्टाच्या कँटीनमध्ये एकत्र चहा घेताना दिसले, हा पुरावा नाही. आम्ही सगळेच घेतो. तुमच्या सहीशिवाय पुरसीस गेली आहे का, साक्षीदाराला आणू नका असं लेखी किंवा मेसेजवर सांगितलं आहे का, ठरल्यापेक्षा वेगळी तडजोड नोंदली गेली आहे का, ते पाहा. असं काही हाती लागलं तर गोष्ट गंभीर आहे.

तक्रार कुठे आणि कशी करायची? मराठीत चालेल का?

ज्या राज्याच्या नामावलीत वकिलाचं नाव आहे तिथल्या बार कौन्सिलकडे. आपल्या कौन्सिलचं कार्यालय मुंबईत उच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत आहे. तक्रार अर्जाच्या स्वरूपात, सही केलेली आणि सत्यापन केलेली लागते, म्हणजे शेवटी "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे" असं दिवाणी दाव्याप्रमाणे लिहून द्यावं लागतं. ठरावीक शुल्क आणि प्रती जोडाव्या लागतात. निनावी पत्रावर भरवसा ठेवू नका.

मराठी राज्यभाषा असल्यानं महाराष्ट्रात मराठीत तक्रार करता येते. प्रकरण दिल्लीला गेलं तर इंग्रजी भाषांतर करून पाठवणं हे कौन्सिलचं काम, तुमचं नाही. ज्यांना इंग्रजी अर्ज लिहायला पैसे मोजावे लागतात, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

अर्जात तारीखवार लिहा. कधी वकीलपत्र दिलं, किती पैसे कधी आणि कसे दिले, काय काम ठरलं, काय झालं. वकीलपत्राची नक्कल, पैसे पाठवल्याच्या नोंदी, मेसेज, रोजनाम्याच्या नकला जोडा. पैसे रोख दिले असतील आणि पावती नसेल तर तेव्हा हजर असलेल्या माणसाचं नाव लिहा. रागाची विशेषणं जितकी कमी, तितका अर्ज वजनदार होतो.

तक्रार दिल्यावर पुढे काय होतं?

कौन्सिल आधी वकिलाचं म्हणणं मागवते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. समितीत तिघं असतात : दोन कौन्सिलचे सदस्य आणि एक बाहेरचा, किमान दहा वर्षं वकिली केलेला. वकिलाला आणि राज्याच्या महाधिवक्त्यांना नोटीस जाते. मग साधारण दाव्यासारखंच चालतं : प्रतिज्ञापत्र, साक्ष, उलटतपास, युक्तिवाद. साक्षीदारांना बोलावणं, कागद मागवणं यासाठी समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तुम्ही स्वतः उभे राहू शकता किंवा वकील देऊ शकता.

पुरावा भक्कम लागतो. एखाद्याची उपजीविका पणाला लागलेली असते, त्यामुळे "असं असू शकेल" एवढ्यावर दोष ठरत नाही, संशयाचा फायदा वकिलाला जातो.

कौन्सिलनं तक्रार समितीकडे न पाठवताच फेटाळली, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पुनरीक्षण मागता येतं.

किती दिवस लागतात?

कायदा म्हणतो एक वर्ष. वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. ही तरतूद पक्षकाराच्या भल्यासाठी आहे, पण व्यवहारात नागपूर किंवा सिंधुदुर्गच्या माणसाला मुंबईच्या खेपा जड जातात, तिथे दिल्लीचं नाव ऐकून तो नाद सोडतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांच्या कौन्सिलना वर्षाची मर्यादा पाळण्याबद्दल बजावलं आणि वर्ग होऊन आलेली प्रकरणंही वेळेत संपवायला सांगितलं. माझं स्पष्ट मत आहे की विलंब हा या सगळ्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष आहे. दोषी वकील त्या काळात नवे पक्षकार घेत राहतो आणि निर्दोष वकील डोक्यावर टांगती तलवार घेऊन फिरतो.

तुमच्या हातात एवढंच आहे : प्रत्येक तारखेला हजर राहा आणि तहकुबीला लेखी विरोध नोंदवा.

शिक्षा कोणत्या होतात?

ताकीद, ठरावीक काळाचं निलंबन, किंवा नामावलीतून नाव काढणं, म्हणजे लोकांच्या भाषेत सनद रद्द. निलंबनाच्या काळात भारतात कुठल्याही न्यायालयात, प्राधिकरणापुढे वकिली करता येत नाही. मुंबईत निलंबित होऊन बेळगावात उभं राहता येत नाही.

निकालाविरुद्ध ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून पुढे ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील होतं. तक्रारदारही अपील करू शकतो. अपील केलं म्हणून शिक्षेला आपोआप स्थगिती मिळत नाही, ती मागावी लागते.

निलंबित वकील कोट घालून कोर्टात दिसतो आहे. काय करावं?

संबंधित न्यायाधीशांना आणि बार कौन्सिलला लेखी कळवा. वकिलीचा हक्क नसताना वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र निकालाला स्थगिती मिळाली आहे का, ते आधी तपासा.

न्यायाधीश स्वतः सनद रद्द करू शकतात का?

नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बार कौन्सिल ऑफ इंडियाचे तेव्हाचे अध्यक्ष व्ही. सी. मिश्रा यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल वकिलीतून तीन वर्षं निलंबित केलं होतं. १९९८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं की अवमानाची शिक्षा म्हणून सनद निलंबित करता येत नाही, तो अधिकार बार कौन्सिलचा. पण आपल्या कोर्टात कोणी उभं राहायचं हे न्यायालय ठरवू शकतं. दिल्लीच्या बीएमडब्ल्यू खटल्यात वकिलांनी साक्षीदाराला फितवण्याच्या प्रकरणावरून २००९ मध्ये हा मुद्दा ठळक झाला.

वकील संपावर गेले म्हणून माझी तारीख फुकट गेली.

२००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की वकिलांना संपाचा हक्क नाही. वकीलपत्र घेतलेल्यानं बहिष्काराचं कारण सांगून गैरहजर राहू नये. हे पटत नाही असे माझे अनेक मित्र आहेत. मला मात्र ते पूर्ण पटतं, कारण कोठडीतल्या माणसाच्या जामिनाला आमच्या मागणीशी काही देणंघेणं नसतं.

तक्रार सिद्ध झाली तर माझे पैसे परत मिळतील ना?

इथेच लोकांची सर्वांत मोठी निराशा होते. शिस्तपालन समिती ठरवते ते एवढंच की हा माणूस वकिली करायला लायक आहे का. ती वसुलीचं कोर्ट नाही. समिती खर्चाचा आदेश देऊ शकते, पण तुमची बुडालेली रक्कम किंवा गेलेली जमीन परत मिळवण्याचा रस्ता वेगळा.

पैसे खाल्ले असतील तर पोलिसांत फिर्याद द्या. विश्वासघात आणि फसवणूक हे गुन्हे भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ आणि ३१८ खाली आहेत. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा लावता येतो. ग्राहक मंचाचा रस्ता मात्र बंद झाला : राष्ट्रीय आयोगानं २००७ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येते असं म्हटलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयानं १४ मे २०२४ ला रद्द केलं. तुम्हाला कोणी ग्राहक तक्रार लिहून द्यायला निघालं असेल, तर थांबा.

वकिलानं पैसे परत केले. आता तक्रार मागे घेऊ?

पैसे मिळाले, आनंद आहे. पण तक्रार मागे घेतली किंवा तडजोड झाली, एवढ्याच कारणावरून प्रकरण बंद करता येत नाही, असा नियम आहे. तक्रारदार वारला तरी चौकशी पुढे चालू शकते. कारण प्रश्न तुमच्या दोघांतला उरलेला नसतो, पुढच्या पक्षकाराचा असतो. मात्र पैसे घेताना "माझी काहीच तक्रार नव्हती" असं खोटं लिहून देऊ नका. मिळाले तेवढ्याचीच पावती द्या.

गांधीजींचीही सनद गेली होती ना?

हो. १९२२ मध्ये राजद्रोहाच्या शिक्षेनंतर लंडनच्या इनर टेम्पलनं त्यांचं नाव काढलं आणि १९८८ मध्ये मरणोत्तर परत घातलं. श्यामजी कृष्ण वर्मा यांचं नाव त्याच संस्थेनं १९०९ मध्ये काढलं होतं, ते २०१५ मध्ये परत आलं. सावरकरांना तर ग्रेज इननं बॅरिस्टरची सनद दिलीच नाही. शिस्तीचा अधिकार सत्तेच्या हातात गेला की तो पक्षकारासाठी न वापरता मतासाठी वापरला जातो, हे त्या काळानं दाखवलं. आज हा अधिकार सरकारकडे नसून वकिलांनी निवडलेल्या कौन्सिलकडे आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. "वकीलच वकिलाचा न्याय कसा करणार?" ही शंका रास्त आहे, पण पर्याय निवडताना ही तीन नावंही आठवावीत.

तक्रार केली तर गावात दुसरा वकील माझं काम घेणार नाही, अशी भीती वाटते.

ही भीती खरी आहे. तालुक्याच्या कोर्टात वीस-पंचवीस वकील, सगळे एकमेकांना रोज भेटणारे. पण नियम असा आहे की वकिलानं आपल्या योग्यतेनुसार फी मिळत असेल तर आलेलं काम घ्यावं, विशेष कारण असेल तरच नाकारावं. कोणत्याही वकील संघाला "अमक्याचं वकीलपत्र घेऊ नका" असा ठराव करण्याचा अधिकार नाही.

तरीही कोणी तयार होत नसेल तर जिल्ह्याच्या गावातून वकील करा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. कार्यालय बहुतेक ठिकाणी न्यायालयाच्या इमारतीतच असतं. जाताना दाव्याचा क्रमांक, शेवटच्या तारखेचा रोजनामा आणि जुन्या वकिलाला पाठवलेल्या पत्राची पोचपावती बरोबर न्या. फाइल हातात नसेल तरी चालेल, कोर्टातून नकला काढता येतात.